खरे गुण घरी सांगता येतात का?

दहावीच्या वर्षी मुलाच्या अभ्यासावर घरातल्या सगळ्यांचे लक्ष असते. पण एखादा पेपर बिघडला, तर ते त्याला घरी येऊन सांगता येते का, याचा विचार फार थोडे पालक करतात.

डिसेंबर संपत आला की दहावीचे मूल असलेले घर लगेच ओळखू येते. टीव्हीचा आवाज बारीक होतो. मावशीकडच्या लग्नाला आई एकटीच जाते आणि अक्षता पडताच परत फिरते. रात्री बदाम भिजत पडतात. ऑफिसातून आल्या आल्या वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ''आज किती धडे झाले?'' लातूर, सांगली असो की इंदूर, बडोदे. परीक्षा मंडळ वेगळे असले तरी मराठी घरातले हे चित्र फारसे बदलत नाही.

आणि अशाच एखाद्या घरात दप्तराच्या तळाशी घडी घालून ठेवलेली एक उत्तरपत्रिका असते. पूर्वपरीक्षेतला भूमितीचा पेपर, ४० पैकी ११ गुण. आईने विचारले, तर उत्तर तयार असते, ''बाईंनी अजून पेपर दिलेच नाहीत.''

ही लपवाछपवी बहुतेक पालकांना कळते ती उशिरा, कधी शाळेतल्या सभेत, तर कधी थेट निकालाच्या दिवशी. मग रागाचा भडका उडतो, ''एवढं खोटं बोलायला शिकलास कुठे?'' प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर बरेचदा घरातच सापडते.

अकरा गुणांपेक्षा मोठा धोका

पूर्वपरीक्षेत गुण कमी मिळणे ही काही आपत्ती नव्हे. कुठे कच्चे आहे, ते बोर्डाच्या परीक्षेआधी समजावे, यासाठीच ती घेतली जाते. जानेवारीत पेपर बिघडला, तर सुधारायला काही आठवडे हातात असतात. मात्र हे आठवडे आता पूर्वीइतके नाहीत. महाराष्ट्रात वर्षानुवर्षे मार्चमध्ये होणारी दहावीची लेखी परीक्षा २०२५ साली २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली होती. म्हणजे लपवलेल्या उत्तरपत्रिकेमागे जो वेळ वाया जातो, तोच सर्वांत मोलाचा असतो. ज्या मुलाला ''भूमिती मला जमत नाहीये'' असे १० जानेवारीला सांगता येते, त्याला मदत मिळू शकते. जो हेच फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत सांगू शकत नाही, त्याच्यासाठी क्लासची महागडी फी आणि भिजवलेले बदाम काय करणार?

म्हणून या वर्षी पालकांनी मुलाच्या हजेरीपेक्षा आणि धड्यांच्या संख्येपेक्षा एका गोष्टीची जास्त काळजी घ्यावी. वाईट बातमी घेऊन घरी येणे मुलाला सोपे वाटले पाहिजे.

मुले का लपवतात?

कोलंबिया विद्यापीठातील क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. मुलांना आधी सोपी कोडी दिली. ती सुटल्यावर काहींना ''तू फार हुशार आहेस'' अशी शाबासकी दिली, तर काहींना ''तू खूप मेहनत घेतलीस'' असे म्हटले. त्यानंतर मुद्दाम अवघड कोडी दिली. साहजिकच सगळ्यांचे गुण घसरले. नंतर या मुलांना दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलांसाठी कोड्यांविषयी चार ओळी लिहून आपले गुणही कळवायला सांगितले. मेहनतीचे कौतुक झालेल्या मुलांपैकी १३ टक्के मुलांनी आपले गुण फुगवून सांगितले. हुशारीचे कौतुक झालेल्यांपैकी मात्र ३८ टक्के मुले खोटे बोलली, आणि तेही ज्यांची कधी गाठ पडणार नाही, अशा मुलांशी!

याचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. ''आमची सोनू लहानपणापासून पहिली येते'', ''आमच्या घरात गणितात कुणी मागे पडलेलं नाही'' अशी वाक्ये पाहुण्यांसमोर कौतुकाने बोलली जातात. मुलगी ती ऐकत असते. अकरा गुणांची उत्तरपत्रिका हातात पडली, की तिला वाटते, आता आपण 'हुशार सोनू' उरलो नाही. मग ती उत्तरपत्रिका दाखवायची कशी?

दुसरे कारण अधिक साधे आहे. आठवीत किंवा नववीत पहिल्यांदा गुण कमी पडले, तेव्हा घरात काय झाले, हे मूल विसरलेले नसते. आईने रडत जेवण सोडले, वडील दोन दिवस बोलले नाहीत, शेजारच्या मुलाचे गुण सुनावले गेले, ''तुझ्यासाठी आम्ही काय काय सोडलं'' याची यादी वाचली गेली. त्या दिवशी मूल अभ्यासाविषयी काही शिकले नाही. पुढच्या वेळी उत्तरपत्रिका दाखवायची नाही, एवढे मात्र शिकले.

उत्तरपत्रिका समोर आली, तर

ती हातात घेताना पहिली दोन मिनिटे महत्त्वाची असतात. मूल गुणांच्या आकड्याकडे पाहत नसते, ते आईच्या चेहऱ्याकडे पाहत असते. धक्का बसला, तर तो लपवण्याची गरज नाही, पण शब्द जपून वापरावेत. ''बरं झालं, दाखवलीस. आधी जेवून घे, मग दोघं मिळून बघू'' एवढे पुरेसे आहे.

जेवण झाल्यावर खरोखरच बसावे. मिळालेले ११ गुण बाजूला ठेवून गेलेले २९ गुण कुठे गेले, ते कागदावर मांडावे. यासाठी पालकांना भूमिती यायला हवी असे नाही. मुलाला विचारत जावे आणि गेलेल्या प्रत्येक गुणापुढे कारण लिहावे. समजा, असे दिसले की दोन तासांत पेपर पुरा झाला नाही म्हणून १२ गुणांचे प्रश्न कोरे राहिले. 'वर्तुळ' हे प्रकरण मुळातच समजलेले नाही, तिथे ९ गुण गेले. प्रमेयाच्या पायऱ्या पाठ होत्या पण ऐनवेळी आठवल्या नाहीत, त्यात ५ गेले. उरलेले ३ आकडेमोडीच्या चुकांचे.

आता 'भूमिती येत नाही' या एका मोठ्या भीतीचे चार छोटे तुकडे झाले, आणि चारही तुकड्यांवर उपाय निराळा आहे. वेळ पुरत नसेल, तर घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला हव्यात. प्रकरण समजले नसेल, तर ते शिक्षकांकडून किंवा एखाद्या वर्गमित्राकडून पुन्हा समजावून घ्यायला हवे, स्वतःच दहादा वाचून ते समजणार नाही. विसरण्यावर सराव हा उपाय. आकडेमोडीच्या चुका शेवटची पाच मिनिटे उत्तरे तपासायला राखली की बऱ्याच कमी होतात. ''जास्त अभ्यास कर'' या एका वाक्यात यांतला एकही उपाय नसतो.

पुस्तक मिटून अभ्यास

मूल चार-चार तास पुस्तक उघडून बसते, तरी पेपरात आठवत नाही, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. अमेरिकेतील सेंट लुईस शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी यावर प्रयोग केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. बाकीच्यांनी तो एकदाच वाचला आणि दुसऱ्या वेळी न पाहता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणाऱ्यांना ८१ टक्के मजकूर आठवला, लिहून काढणाऱ्यांना ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटले. दोनदा वाचणारे ४२ टक्क्यांवर आले, लिहून काढणारे ५६ टक्क्यांवर टिकले.

म्हणूनच नुसते वाचत राहिल्याने 'सगळं येतंय' असे वाटते आणि परीक्षेत घात होतो. धडा वाचावा, पुस्तक मिटावे, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहावे आणि मग पुस्तक उघडून काय राहिले ते पाहावे. दोन दिवसांनी हेच पुन्हा करावे. पहिल्या खेपेला फार थोडे आठवते, त्याने मुले खचतात. ''हे असंच होतं, दुसऱ्यांदा जास्त आठवेल'' हा धीर पालकांनी द्यायचा.

ज्या आईला विज्ञानाचा गंध नाही, तीसुद्धा इथे मोठी मदत करू शकते. भाजी निवडताना मुलाला सांगावे, ''मला समजेल असं सांग बघू, गुरुत्वाकर्षण म्हणजे काय?'' समजावून सांगताना तो जिथे अडखळतो, तिथे त्याचे कच्चे आहे, हे त्याला स्वतःलाच कळते. मात्र त्याची तोंडी परीक्षा होऊ देऊ नये. अडखळला की ''बघ, येत नाही!'' म्हटले, तर उद्यापासून तो स्वयंपाकघरात फिरकणार नाही.

पहाटे चारचा आग्रह

पहाटेचा अभ्यास चांगला, ही आपल्याकडची जुनी समजूत. जो रात्री आठ-नऊला झोपतो, त्याच्यासाठी ती ठीकच आहे. पण रात्री बारापर्यंत जागलेल्या मुलाला चारला उठवणे म्हणजे दिवसभर त्याला पेंगत ठेवणे. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप लागते, असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. या वयात शरीराचे घड्याळही थोडे पुढे सरकते, त्यामुळे मुलांना रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही. त्यात आळस नसतो. दिवसा वाचलेले पक्के होण्याचे काम झोपेतच चालते. तेव्हा झोप कापून मिळवलेले दोन तास फायद्याचे ठरत नाहीत.

परीक्षेच्या दोन-तीन आठवडे आधी झोपण्या-उठण्याची वेळ हळूहळू पेपराच्या वेळेशी जुळवून घ्यावी. रात्री मोबाइल अभ्यासाच्या खोलीत नको, हे खरे. पण फक्त मुलाचाच मोबाइल काढून घेतला आणि वडील बाहेर बसून स्वतःच्या मोबाइलवर क्रिकेट पाहत राहिले, तर मुलाला ती शिक्षा वाटते. रात्री दहानंतर घरातले सगळेच मोबाइल दिवाणखान्यात एका जागी ठेवावेत. हा नियम आजोबांनाही लागू असावा.

घरातली माणसे आणि बाहेरची

आई म्हणते, ''जरा विश्रांती घे'' आणि वडील म्हणतात, ''विश्रांती परीक्षेनंतर!'' अशा ओढाताणीत मूल ज्याच्याकडून ओरडा बसणार नाही, त्याच्याशीच बोलते आणि दुसऱ्यापासून लपवते. आई-वडिलांनी आधी आपसात बोलून एकच धोरण ठरवावे. अपेक्षा वडिलांची आणि देखरेख आईची, ही वाटणीही आता बदलायला हवी. वडिलांनी रोज अर्धा तास मुलासोबत फिरायला जावे आणि त्या वेळी अभ्यासाचा विषय काढू नये. मुले बरेचदा अशा फिरण्यातच मनातले बोलतात.

नातेवाइकांचे फोन हा वेगळाच ताप. ''यंदा किती टक्के?'' हा प्रश्न मुलापर्यंत पोहोचू देऊ नये. ''तो अभ्यास करतोय, आम्ही खूश आहोत'' असे आईने मुलाला ऐकू जाईल असे सांगावे. याचा परिणाम दहा उपदेशांपेक्षा जास्त होतो.

परीक्षेच्या दिवसांत एक पथ्य सर्वांनी पाळावे. पेपर देऊन आलेल्या मुलाकडून प्रश्नपत्रिका घेऊन उत्तरे पडताळत बसू नये. गेलेला गुण परत येत नाही आणि उद्याच्या पेपराचा धीर मात्र जातो. ''कसा गेला?'' एवढे विचारावे, तो सांगेल तेवढे ऐकावे आणि पान वाढावे.

पुढचे रस्ते आधीच सांगावेत

बऱ्याच मुलांच्या मनात दहावी ही एकच उडी असते, साधली तर ठीक, नाही तर दरी. वस्तुस्थिती तशी नाही आणि ती मुलाला परीक्षेच्या आधी सांगायला हवी. निकालानंतर सांगितली, तर ते केवळ सांत्वन वाटते.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीत सहा विषयांचे मिळून ६०० गुण असतात, पण टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांच्या ५०० गुणांवर काढली जाते. म्हणजे एका विषयात घसरले, तरी टक्केवारी कोसळत नाही. एक किंवा दोन विषय राहिले, तरी नियमांनुसार अकरावीला सशर्त प्रवेश घेण्याची सवलत आहे. २०१५ पासून राज्य मंडळ अनुत्तीर्णांसाठी निकालानंतर लगेच पुरवणी परीक्षा घेऊ लागले, त्यामुळे वर्ष वाचू शकते. गुणांविषयी शंका असल्यास उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मागता येते. केंद्रीय मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, २०२६ पासून दहावीसाठी वर्षात दोन परीक्षांची योजना आखली. पहिली परीक्षा सर्वांना सक्तीची, दुसरी गुण सुधारू इच्छिणाऱ्यांसाठी. आयटीआय आणि तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका हे रस्ते दहावीनंतर उघडतात. शाळेच्या चाकोरीत न बसणाऱ्यांसाठी १९८९ साली स्थापन झालेली मुक्त विद्यालयाची राष्ट्रीय संस्था आहे. राज्य मंडळाची गुणवत्ता यादी तर केव्हाच बंद झाली. ती फक्त आपल्या बोलण्यात उरली आहे.

''म्हणजे अभ्यास केला नाही तरी चालेल, असं नाही का वाटणार त्याला?'' अशी शंका आईच्या मनात येईल. पण भीतीने अभ्यास होतो तो काही मर्यादेपर्यंतच. भीती वाढली की येत असलेलेही आठवेनासे होते. पायाखाली जमीन आहे, हे ठाऊक असलेले मूल उडी अधिक मोकळेपणाने मारते.

या खुणांकडे दुर्लक्ष नको

परीक्षेची थोडी धास्ती सर्वांनाच असते. पण मूल दोन आठवडे नीट जेवत-झोपत नसेल, मित्रांना टाळत असेल, आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल किंवा ''मी नसतो तर बरं झालं असतं'' असे काही बोलत असेल, तर ते नाटक समजू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. सगळ्यांमागे परीक्षाच होती असे नाही, पण प्रत्येक घरात कुणाला तरी काही तरी सांगायचे राहून गेले असणार.

अशा वेळी मुलाजवळ शांतपणे बसून सरळ विचारावे, ''जीव नकोसा वाटतो का रे?'' विचारल्याने असे विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट असलेला भार हलका होतो. त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा मानू नये. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असून तिथे दिवसरात्र, मराठीतूनही बोलता येते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे. हे दोन्ही क्रमांक फ्रिजवर किंवा कॅलेंडरवर सर्वांना दिसतील असे लिहून ठेवावेत.

आजच करण्याजोगी गोष्ट

ज्यांच्या घरी यंदा दहावीचे मूल आहे, त्यांनी आज रात्री त्याला एक गोष्ट सांगावी, ''कुठलाही पेपर कसाही गेला, तरी तो आम्हाला दाखव. आम्ही ओरडणार नाही.'' हे सांगणे सोपे आहे, पाळणे अवघड आहे. मूल लगेच विश्वास ठेवणार नाही. ते आधी एखादी लहानशी गोष्ट सांगून पाहील, चाचणीतले कमी गुण किंवा बुडवलेला एखादा तास. त्या वेळी आई-वडिलांनी आपला शब्द पाळला, तर दोन-चार दिवसांनी दप्तराच्या तळाशी ठेवलेली ती उत्तरपत्रिकाही बाहेर येईल. मग वही-पेन्सिल घेऊन तिच्याजवळ बसावे. सुधारण्याचे आठवडे अजून हातात असतात.